सॉलिड एक्सल बसवताय? आधी पाटे नीट निवडा

अमेरिकेत जुन्या टोयोटा पिकअपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पंच्याऐंशीपर्यंतची, की नंतरची?" १९७९ ते १९८५ या काळातल्या फोर बाय फोर पिकअपला पुढेसुद्धा एकसंध सॉलिड एक्सल होता आणि तो पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर बसलेला होता. १९८६ च्या मॉडेलपासून टोयोटाने पुढे टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं. त्याला सगळे आयएफएस म्हणतात. फोररनरचंही तेच. १९८४ आणि १९८५ ची सॉलिड एक्सलवर, पुढची सगळी आयएफएसवर.

हायवेवर आयएफएस सरसच आहे, उगाच त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण रुबिकॉन ट्रेलसारख्या दगडांच्या वाटेवर चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी पडते. वर मोठे टायर चढवले की चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचे सीव्ही जॉइंट आणि स्टिअरिंगचा आयडलर आर्म यांची परीक्षा सुरू होते. म्हणून लोक पुढचं सगळं ग्राइंडरने कापून काढतात आणि त्या जागी जुन्या गाडीचा सॉलिड एक्सल बसवतात. हे काम कॉइल स्प्रिंगवरही होतं, पण मग एक्सलला जागेवर धरायला वेगळे आर्म आणि आडवं सरकणं रोखणारा पॅनहार्ड बार लागतात. पाटा वजनही पेलतो आणि एक्सलला जागेवरही धरतो. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने म्हणूनच पाट्यांचा रस्ता धरावा.

नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आणि स्वस्तात मिळाली म्हणून १९८८-८९ ची पिकअप दारात उभी केलेल्या मराठी मित्रांकडून मला जवळजवळ एकच प्रश्न येतो: "किती इंच लिफ्टचे पाटे घेऊ?" हे म्हणजे आधी कळस, मग पाया. उंची ही सगळ्यात शेवटी येणारी गोष्ट. आधी गाडीचं वजन, मग एक्सलची जागा, मग पाट्याची लांबी आणि ताठपणा, आणि त्यातून जी उरेल ती उंची. पाट्याच्या कमानीतून उंची काढायला गेलात की गाडी दणके देणार. पुढचं सगळं साधारण याच क्रमाने आहे.

पायरी १: टायर आणि वापर ठरवा

हे कागदावर दोन ओळींत लिहून काढा. रोज ऑफिसला नेणार का? टायर किती इंची? ३३ ते ३५ इंची टायर आणि अधूनमधून हायवे असेल तर टोयोटाचा १९७९-८५ चा पुढचा एक्सल पुरतो. ३७ किंवा त्याहून मोठे टायर आणि जॉन्सन व्हॅलीसारख्या ठिकाणी दगड चढायचे असतील तर लोक डाना ६० या जड ट्रकच्या दणकट एक्सलकडे वळतात. मग पाट्यांची रुंदी, बैठकांमधलं (एक्सलवर पाटे टेकतात त्या जागांमधलं) अंतर, सगळं बदलतं.

एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. जुना टोयोटा एक्सल आयएफएसवाल्या गाडीच्या मागच्या एक्सलपेक्षा जवळपास ३ इंच अरुंद आहे. बहुतेक जण पुढे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचे स्पेसर लावून ते जमवतात. दुसरी गोष्ट डिफरन्शियलच्या बाजूची. या पिकअपच्या ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचा) पुढचा शाफ्ट उजवीकडून, म्हणजे इकडच्या प्रवाशाच्या बाजूने निघतो, त्यामुळे डिफरन्शियलचा गोळाही उजवीकडेच हवा. शेवी, म्हणजे शेव्हरोलेच्या के३० ट्रकचा डाना ६० उजवीकडचा आहे, फोर्डचा डावीकडचा. भंगारात फोर्डचा स्वस्त दिसला म्हणून उचलून आणू नका.

पायरी २: वजन काट्यावर करा, अंदाजाने नको

हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. मोठ्या ट्रकसाठी आहेत, पण पिकअपलाही कोणी अडवत नाही. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. काट्यावर जाताना गाडी ट्रेलवर असेल तशी भरा: टाकी भरलेली, हत्यारं, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर), लोखंडी बंपर, तुम्ही स्वतः आणि शेजारी बसणारा. बंपर अजून बनवायचा असेल तर त्याचं आणि विंचचं वजन नंतर मिळवा. ते दोन्ही मिळून शंभर-दोनशे पौंड सहज होतात, आणि ते एक्सलच्याही पुढे टांगलेले असतात, त्यामुळे पाट्यावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्तच भार टाकतात. इंजिन कोणतं हेही महत्त्वाचं. २.४ लिटरचं चार सिलिंडरवालं २२आरई हलकं, ३.० लिटरचं व्ही६ जड. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना एकच पाटा बसेल असं धरून चालू नका.

आता त्या आकड्यातून पाट्यांच्या खाली असणारं वजन वजा करायचं: चाकं, टायर, ब्रेक, एक्सलचा भाग. हे वजन टायरवर थेट पडतं, पाट्यावर नाही. समजा पुढचं एकूण वजन २,३०० पौंड आलं आणि खालचं ५०० पौंड धरलं, तर पाट्यांवर १,८०० पौंड राहिले. दोन पाटे, म्हणजे प्रत्येकी ९००. सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा राहतो, म्हणून तो गॅरेजच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा.

पायरी ३: ताठपणा आणि बसणं

पाटा एक इंच दाबायला किती पौंड लागतात, तो त्याचा ताठपणा. इकडे तो पौंड प्रति इंच असा सांगतात. भारतातल्या सवयीने मोजायचा तर १०० पौंड प्रति इंच म्हणजे साधारण १.८ किलो प्रति मिलिमीटर.

९०० पौंडांखाली ३०० चा पाटा ३ इंच बसेल, १८० चा ५ इंच, १५० चा ६ इंच. हे बसणं जितकं जास्त, तितकी गाडी मऊ. त्याचं मोजमापही सोपं आहे: ३.१३ ला बसण्याच्या इंचांच्या वर्गमुळाने भागा, की गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलेल ते मिळतं. ३ इंच बसणाऱ्या पाट्यावर १.८ वेळा, ५ इंचांवर १.४ वेळा, ६ इंचांवर साधारण १.३ वेळा. साध्या मोटारी १ ते दीडच्या आसपास असतात. १.८ वर गाडी खडबडीत रस्त्यावर दातावर दात आपटवते. पाट्याची पानं एकमेकांवर घासतात, त्यामुळे छोट्या खड्ड्यांवर तर तो हिशोबापेक्षाही ताठ वाटतो. माझं मत विचाराल तर टोयोटा पिकअपसाठी ४ ते ६ इंच बसेल असा पाटा शोधा. ३ इंचांच्या आतला कोणी "हेवी ड्यूटी" म्हणून गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. जड विंच असलेल्या व्ही६ ला तो कदाचित चालेल, चार सिलिंडरवाल्याला नाही.

ताठपणा कशावर ठरतो? रुंदी किंवा पानांची संख्या दुप्पट केली तर ताठपणाही दुप्पट होतो, इतकंच. पण पानाची जाडी आणि पाट्याची लांबी यांचा परिणाम घनाने होतो. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचं पान घेतलं तर ते एकटं जवळपास ५९ टक्के जास्त ताठ. आणि तीच पानं ठेवून पाटा ४४ ऐवजी ५२ इंच लांब केला तर ताठपणा साधारण ४० टक्क्यांनी उतरतो. म्हणूनच जाणती माणसं आधी लांबी विचारतात. एकच नियम लक्षात ठेवायचा तर हा: गाडीत बसेल तितका लांब पाटा, आणि जाड थोड्या पानांपेक्षा पातळ जास्त पानं.

पायरी ४: किती लांब पाटा बसतो ते जमिनीवर आखा

आयएफएस कापून झाल्यावर चेसिस स्टँडवर समपातळीत ठेवा. जॅकवर नाही, स्टँडवर. चेसिसखाली झोपून काम करायचं आहे. मग ओळंबा सोडून जमिनीवर खडूने चार गोष्टी आखा: चेसिसचं पुढचं टोक, फायरवॉलखालची (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीखालची) शिवण, ट्रान्समिशनचा आडवा सपोर्ट आणि सायलेन्सरचा पाइप. या चारांच्या मधे पाटा बसायचा आहे.

मोठे टायर मागच्या शिवणीला घासतात, म्हणून एक्सल कंपनीच्या जागेपेक्षा एक ते तीन इंच पुढे सरकवतात. हे सरकवणं दोन प्रकारे होतं. हँगर, म्हणजे पाट्याचं पक्कं टोक चेसिसला धरणारा ब्रॅकेट, पुढे न्यायचा, किंवा सेंटर बोल्ट, म्हणजे सगळी पानं एकत्र धरणारा बोल्ट, मधोमध नसलेला पाटा घ्यायचा. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण पुढचा हँगर फार पुढे गेला की तोच दगडाला आधी लागतो. पाटा घेताना म्हणूनच फक्त एकूण लांबी न विचारता सेंटर बोल्टपासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी वेगवेगळी मोजा.

शॅकल, म्हणजे पाट्याच्या दुसऱ्या टोकाला हलू देणारा झुलता दुवा, पुढे की मागे, हाही प्रश्न इथेच सुटतो. जुन्या टोयोटाला पुढचं टोक पक्कं आणि शॅकल मागे होता. शेवी के मालिकेचंही तसंच. जीप सीजे आणि रँग्लर वायजेला शॅकल पुढे. शॅकल मागे ठेवला की खड्ड्यात पाटा सपाट होताना एक्सल थोडा मागे सरकतो, धक्का खातो आणि पुढे जातो. ब्रेक मारतानाही गाडी सरळ राहते. बदल्यात प्रोपेलर शाफ्टची लांबी सतत बदलते, म्हणून त्याला लांब स्लिप (आत-बाहेर सरकणारा जोड) असलेला शाफ्ट लागतो. शॅकल पुढे ठेवणाऱ्यांचेही मुद्दे आहेत, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने मागेच ठेवावा.

पायरी ५: कमान

दोन टोकांच्या वळणांच्या मध्यातून दोरी ताणली तर दोरीपासून मुख्य पानापर्यंत मधोमध जी खोली असते ती कमान. गाडीखालून काढलेल्या पाट्याची ती मोकळी कमान, वजनाखाली उरते ती भरलेली कमान. मोकळी कमान वजा बसणं बरोबर भरलेली कमान. ७.५ इंच मोकळ्या कमानीचा, १८० ताठपणाचा पाटा ९०० पौंडांखाली ५ इंच बसेल आणि २.५ इंच कमान उरेल. छान.

आता उंच लिफ्टवाल्या पाट्याचं गणित बघा. ४८ इंची पाट्याला भरलेल्या अवस्थेत ३ इंच कमान असेल तर तो पूर्ण सपाट होताना टोकाटोकाचं अंतर साधारण अर्धा इंच वाढतं. कमान ६ इंच असेल तर तेच अंतर जवळपास २ इंच वाढतं. म्हणजे कमान दुप्पट, तर शॅकलला फिरावं लागणारं अंतर चौपट. त्याच प्रमाणात एक्सलही मागे-पुढे नाचतो, स्टिअरिंग आपोआप वळल्यासारखं वाटतं, प्रोपेलर शाफ्ट कधी कमी कधी जास्त पडतो. म्हणून भरलेली कमान २ ते ३ इंचांच्या आसपास ठेवा. उलट्या कमानीतही फार खोल जाऊ देऊ नका, तिथे पानं तुटतात. तो बंदोबस्त बंप स्टॉपचा, म्हणजे एक्सलचं वर जाणं अडवणाऱ्या ठोकळ्याचा.

"मग लिफ्ट कुठून येणार?" पाटा एक्सलच्या वर बसतो, त्यातून. १९७९-८५ च्या टोयोटाला पाटा कंपनीतूनच एक्सलच्या वर आहे. आयएफएसच्या चेसिसखाली हा एक्सल सपाट पाट्यांवर बसवला तरी गाडी चार-पाच इंच सहज उंच होते. त्याहून जास्त जागा हवी असेल तर मडगार्ड कापा. गाडी खाली राहिली की आडव्या उतारावर पोटात गोळाही कमी येतो.

पायरी ६: बाजारातले पर्याय

टोयोटाचे जुने पुढचे पाटे, म्हणजे १९७९-८५ च्या गाडीचे मूळचे. ६० मिलिमीटर रुंद. एक्सलवरच्या बैठकीत थेट बसतात, काही कापाकापी नाही. पण आखूड आहेत, आणि आता चाळीस वर्षांचे झालेत. फारसं वजन नसलेल्या, ३३ टायरच्या गाडीला ठीक.

दुसरा पर्याय माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात शहाणपणाचा. १९८६ नंतरच्या पिकअपचे मागचे पाटे पुढे लावायचे. याला इकडे "रिअर्स अप फ्रंट" म्हणतात, बोलताना नुसतं "रफ". हे पाटे मूळच्या पुढच्या पाट्यांपेक्षा लांब, रुंदी तीच ६० मिलिमीटर, आणि सेंटर बोल्ट मधोमध नाही, त्यामुळे उलटसुलट लावून एक्सल हवा तसा पुढे घेता येतो. मागे लोक शेवीचे ६३ इंची पाटे लावतात आणि टोयोटाचे काढलेले कोपऱ्यात पडून असतात, म्हणजे बऱ्याचदा ते फुकटच. पण जसेच्या तसे लावू नका. मागचा पाटा माल वाहायला बनवलेला असतो, खाली एक जाड, जवळपास सपाट पान असतं. ते काढा. मग वजनाखाली कमान मोजा, आणि कमी पडली तर दुसऱ्या पाट्यातलं एखादं पातळ लांब पान घाला. आखूड जाड "ॲड अ लीफ" घालू नका, तो फक्त मधला भाग ताठ करतो आणि पान त्याच्या टोकाशी तुटतं.

शेवीच्या १९७३-८७ च्या के मालिकेचे पाटे २.५ इंच रुंद. पुढचे ४७ इंची, मागचे ५२ इंची. ४७ वरून ५२ वर गेलात की नुसत्या लांबीने ताठपणा २६ टक्के उतरतो, म्हणून मोठ्या गाड्यांत ५२ इंची पुढे लावायची पद्धत पडली. १९८८ नंतरच्या आयएफएसवाल्या शेवी के१५०० मध्ये डाना ६० बसवणाऱ्यांसाठी हा सरळ मार्ग. टोयोटावर लावायचे तर बैठका, शॅकल, हँगर सगळं नव्याने करावं लागतं, आणि पाटा जड गाडीचा असल्याने पानं कमी करत बसावं लागतं.

जीप रँग्लर वायजेचे, १९८७ ते १९९५ चे पाटेही २.५ इंच रुंद आहेत आणि भंगारात भरपूर मिळतात. मऊ आहेत. हलक्या २२आरई पिकअपला चालतील. व्ही६, विंच आणि लोखंडी बंपर यांच्याखाली ते लोळण घेतात.

आणि शेवटी दुकानातून नवे, याच कामासाठी बनवलेले. पैसे जातात, वेळ वाचतो. विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: ताठपणा किती, मोकळी कमान किती, सेंटर बोल्टपासून दोन्ही टोकं किती. "चार इंच लिफ्ट" याशिवाय त्याच्याकडे उत्तर नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि मिलिटरी रॅप आहे का तेही विचारा, म्हणजे दुसरं पान मुख्य पानाच्या वळणाभोवती अर्धंमुर्धं गुंडाळलेलं असतं. मुख्य पान टोकाशी तुटलं तर एक्सल गाडीखालून निघून जात नाही.

पायरी ७: भंगारातला पाटा कसा पारखायचा

तारेच्या ब्रशने आधी चिखल आणि सुटा गंज काढा. मग मुख्य पानाच्या बुशच्या वळणापासून सुरुवात करा. वळण थोडं उघडलेलं असेल, पान आणि वळणाच्या टोकामध्ये नखाइतकी फट दिसत असेल, तर तो पाटा तिथेच ठेवून पुढे चला. नंतर प्रत्येक खालच्या पानाचं टोक बघा. वरच्या पानावर त्या टोकाने घासून चंद्रकोरीसारखी खाच पाडलेली असते. बोटाच्या नखाने ती चाचपा. गुळगुळीत घसारा चालतो, पण नख अडकेल अशी धार असेल तर चीर तिथूनच निघते. पानांच्या मधे गंज फुगून पानं दूर ढकलली गेली असतील तर तेही नको. सेंटर बोल्टचं डोकं झिजून तिरकं झालं असेल तर पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल राहून एक्सल बैठकीवर सरकत होता, असं समजा. तो पाटा बाकी चांगला असला तरी त्या भोकाभोवतीचं पान नीट बघा.

डावा आणि उजवा पाटा शेजारी ठेवून दोरीने कमान मोजा. पाव-अर्धा इंच फरक चालवून घ्या, जास्त कमानीचा ड्रायव्हरच्या बाजूला लावा. इंचभर फरक असेल तर जोडी बदला.

पाटा उघडायचा असेल तर सेंटर बोल्टला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना मजबूत सी-क्लॅम्प लावा, बोल्ट सोडा आणि क्लॅम्प हळूहळू सैल करा. पानं ताणात असतात, नुसता बोल्ट सोडला तर तोंडावर येतात. आणि पाट्यावर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही नको. स्प्रिंगचं पोलाद तापवलं की त्याचं पाणी उतरतं, तिथे ते आज नाही तर उद्या तुटणारच.

पायरी ८: उभारणी, टॅक, आणि मगच वेल्डिंग

या पायरीला घाई करणारे सगळ्यात जास्त. हँगर, शॅकलच्या नळ्या आणि बैठका आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारून धरा. मुख्य पान एकटंच लावून एक्सल वर-खाली करून बघा. बाकी पानं नसल्यामुळे जॅकने सहज हलतो. पूर्ण वर नेल्यावर टायर कशाला लागतो? पूर्ण वळवल्यावर टायरची आतली बाजू पाट्याला घासते का? ऑइल पॅन आणि डिफरन्शियल यांच्यात किती जागा राहते? ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) पाट्याच्या वरून जाते, तिला जागा आहे का? १९८६ नंतरच्या आयएफएस गाडीचा स्टिअरिंग बॉक्स आडव्या ड्रॅग लिंकसाठी कामाचा आहे, तो विकून टाकू नका.

मग सगळी पानं घालून, गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी करून शॅकल बघा. मागे शॅकल असेल तर त्याचं खालचं टोक एक्सलपासून दूर, म्हणजे किंचित मागे झुकलेलं हवं. पाटा दाबला जाईल तसा शॅकल आणखी मागे जाणार, त्याला फिरायला जागा शिल्लक असली पाहिजे. खालचं टोक पुढे, एक्सलच्या बाजूला झुकलं असेल तर पाटा दबतानाच अडखळतो, दगडासारखा लागतो, आणि लोक बिचाऱ्या पाट्याला दोष देतात. उपाय हँगर किंवा नळीची जागा सरकवण्याचा, पाटा बदलण्याचा नाही.

कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल, ४ ते ६ अंश धनात मिळाला तर हायवेवर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येतं. इथे एक त्रांगडं असतं: कॅस्टर वाढवायला एक्सल मागे कलवला की पिनियन (शाफ्ट जोडतो ते डिफरन्शियलचं तोंड) खाली जातं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. थोडा फरक पोलादी पाचरीने निघतो. जास्त असेल तर एक्सलच्या टोकाचे गोळे कापून फिरवावे लागतात, आणि ते काम अनुभवी वेल्डरचंच. डाना ४४ आणि डाना ६० च्या अनेक हाउसिंगमध्ये एका बाजूची पाट्याची बैठक ओतीव गोळ्यातच असते. तिचा कोन आणि जागा बदलत नाही, म्हणून बाकीचं सगळं तिच्या हिशोबाने आखा.

पाटा एक्सलच्या वर असल्यामुळे लो गिअरमध्ये जोर लावल्यावर एक्सल पाट्याला पिळतो, इंग्रजी एस अक्षरासारखा. फार मऊ पाट्यात हे जास्त होतं, आणि मऊपणाच्या मागे लागताना थांबायचं कुठे हे तिथेच कळतं. शाफ्ट उड्या मारत असेल तर एक्सलचं पिळणं रोखणारा ट्रॅक्शन बार लावा, पानं वाढवू नका.

सगळं मनासारखं झालं की मगच पूर्ण वेल्डिंग. चेसिसच्या आरपार जाणाऱ्या शॅकलच्या नळ्या दोन्ही भिंतींना वेल्ड करा, आणि हँगरच्या जागी चेसिसला आधी पट्टी लावून मग हँगर लावा.

पायरी ९: शॉक, बंप स्टॉप, ब्रेकच्या नळ्या

शॉक सगळ्यात शेवटी घ्या. एक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन अंतर मोजा, मग त्या मापाचे शॉक घ्या. बंप स्टॉप शॉक बंद होण्याआधी लागला पाहिजे. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लटकलेलं आणि पूर्ण वळलेलं असताना ताणल्या जात नाहीत ना, ते बघा. यात तडजोड नाही. रबरी बुश मऊ आणि शांत, पॉलियुरेथेनचे ताठ आणि ग्रीस मागणारे. पहिल्या बांधणीत रबर बरं.

भारतातल्या वाचकांसाठी एवढं सांगतो. जिप्सी, एमएम ५४० किंवा मेजर असेल तर पुढचा सॉलिड एक्सल आणि पाटे तुमच्याकडे आधीपासूनच आहेत, वरचं ताठपणा, कमान आणि शॅकलचं सगळं तसंच लागू आहे. २०१० ते २०२० मधल्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बारचं आयएफएस आहे, म्हणून तिच्यावर असं काम करायचा मोह होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अमेरिकेतही उंचीचे आणि बंपरचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तुमच्या राज्याचे वाचून घ्या.

पायरी १०: पहिली फेरी

पहिली फेरी मोकळ्या पार्किंगमध्ये, हळू. दोन-चार वेळा ब्रेक मारा, दोन्हीकडे पूर्ण वळवा, खाली वाकून घासल्याच्या खुणा शोधा. मग पन्नास ते शंभर मैल चालवून यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, पाट्याबरोबर आलेल्या आकड्याला. एकदा आवळलेले यू-बोल्ट काढले तर परत वापरू नका, नवे घ्या. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात, म्हणून गाडीची उंची पहिल्या दिवशी मडगार्डपासून हबच्या मध्यापर्यंत मोजून ठेवा आणि महिन्याने परत मोजा. हँगरच्या वेल्डिंगवर पांढरा रंग मारून ठेवा. बारीक चीर पडली तर गंजाची रेघ पांढऱ्यावर लगेच उठून दिसते, काळ्या रंगावर ती दिसेपर्यंत हँगर अर्धा सुटलेला असतो.